मूठभर जुना भुसा

चौथ्या मजल्यावरची मावशी उंदीर पकडून विकते, अशी इमारतीत बातमी होती.

बातमीचा उगम तळमजल्यावरच्या काकू. काकूंना कुजबुजायची भारी हौस, पण त्यांची कुजबुज लिफ्टच्या आधी वर पोचते. "मी आपली तुला म्हणून सांगते हं," एवढंच त्या हळू म्हणायच्या. पुढचं सगळं गच्चीवरच्या कबुतरांनाही ऐकू जायचं. "पिशवी बघितलीस तिची? सकाळी टम्म फुगलेली जाते, संध्याकाळी चपटी होऊन येते. आणि आपल्याकडचे उंदीर गेले कुठे? अं? सांग ना, गेले कुठे?" मग जरा थांबून, डोळे मोठे करून, "परवा जिन्यात ती माझ्या शेजारून गेली तर पिशवीतून आवाज आला. चुं!" हा चुं त्या इतका जीव ओतून काढायच्या की ऐकणारा दोन पावलं मागे सरकायचा.

तर आधी हे निस्तरून टाकू. पिशवीत जेवणाचा डबा असतो. सकाळी तो भरलेला असतो म्हणून पिशवी फुगते, दुपारी आतलं मावशीच्या पोटात जातं म्हणून ती चपटी होते. डब्याचं झाकण फिरकीचं आहे आणि त्यातलं रबर जुनं झालंय, म्हणून चुं. आणि इमारतीतले उंदीर कुठे गेले म्हणाल, तर ते काकूंच्या स्वतःच्या मांजरीला विचारावं. ती अलीकडे जिना चढताना धापा टाकते.

मावशी उंदीर पकडत नाही आणि विकतही नाही. मावशी उंदीर सांभाळते. शहराच्या कडेला एक संशोधन संस्था आहे, तिच्या तळघरात उंदीरघर आहे, आणि त्या उंदीरघरात मावशीचा अर्ध्याहून जास्त जन्म गेलाय. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "एक जण तयार झाला होता. त्याला उंदरांचं सांगितलं. अजून पळतोय." राहते बहिणीकडे. बहीण, तिचे यजमान आणि भाची, एवढंच घर.

बाहेरचा उंदीर मात्र मावशीचा हाडवैरी. एकदा स्वयंपाकघरात कपाटाखालून एक निघाला, तर मावशी एका उडीत टेबलावर. दारात भाऊजी उभे. भाऊजींना कुठलीही गोष्ट बातम्या वाचल्यासारखी सांगायची खोड. घसा साफ करून म्हणाले, "आयुष्यभर उंदरांत वावरलेली महिला एका उंदराला पाहून टेबलावर चढल्याचं वृत्त नुकतंच हाती आलं आहे."

"घाबरून नाही हो चढले! हा मेला माझ्या पायाला लागला तर मला कामावर आत घेत नाहीत. बाहेरच्या उंदराच्या अंगावर काय काय असतं, ते माझ्याबरोबर आत गेलं तर सगळं उंदीरघर आजारी पडेल. बघत काय बसलात, हाकला ना!"

भाऊजींनी झाडू उचलला. उंदीर त्यांच्याकडे वळला. भाऊजीही टेबलावर आले. शेवटी बहिणीने येऊन उंदराला बाहेर काढलं आणि मग या दोघांना खाली उतरवलं.

उंदीरघरात शिरायचं म्हणजे नुसतं दार उघडून शिरायचं नाही. आधी अंगावरचे कपडे काढून संस्थेचे चढवायचे, त्यावर गाऊन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, पायांना पिशव्या. मग एका लहानशा खोलीत उभं राहायचं, तिथे चारी बाजूंनी वारा अंगावर येतो आणि मावशी रोज न चुकता म्हणते, "हं, झाली माझी वाळवणी." पलीकडे लांबलचक मार्गिका आणि दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीत छतापर्यंत रॅक, रॅकवर पारदर्शक प्लास्टिकचे पिंजरे, पिंजऱ्यात लाकडाचा भुसा आणि भुशात उंदीर. लोकांना वाटतं प्रयोगशाळेतला उंदीर पांढराच. इथले काळे कुळकुळीत आहेत, आणि मिशा एवढ्या टापटीप की भाऊजींनी लाजावं.

मावशीचं काम पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या भरणं, दाणे घालणं, नव्या पिल्लांवर लक्ष ठेवणं. वापरलेला भुसा आणि मळके पिंजरे एका खोलीएवढ्या यंत्रात वाफेवर शिजतात. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण उंदीरघरात त्याला सगळे कुकर म्हणतात. काम करताना मावशीचं तोंड बंद नसतं. "सरक जरा. सरक म्हणते ना! राजा लागून गेलास काय? आणि तू गं, पाणी प्यायलीस की नाही? बाटली तशीच आहे."

एक मात्र मावशी कधीही चुकवत नाही. पिंजरा बदलला की जुन्या घरट्याचा थोडा भाग उचलून नव्या, कोऱ्या भुशात ठेवायचा. उंदरांचं जग वासावर चालतं. सगळंच नवं मिळालं की ते बिथरतात, एकमेकांच्या शेपट्या चावतात. "आपल्याला परक्या घरी झोप येते का? उशी तरी आपली लागते," हे मावशीचं म्हणणं. त्याच पिंजऱ्यातल्या उंदरांना त्यांचंच घरटं द्यायला नियमाची हरकत नाही. पण एका खोलीतली वस्तू दुसऱ्या खोलीत न्यायची नाही, हा नियम म्हणजे तिथली लक्ष्मणरेषा. मार्गिका ओलांडताना मोजेसुद्धा बदलायचे. मागे एकाने गरम होतं म्हणून दोन खोल्यांची दारं पाचर लावून उघडी ठेवली, तर त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, ते कायमचंच.

उंदरांच्या या खोल्या ज्यांच्या कामासाठी होत्या त्या मोठ्या बाई. बाईंचं संशोधन श्वासाच्या आजारांच्या विषाणूंवर. त्या स्वतःच प्रश्न विचारतात, स्वतःच उत्तर देतात आणि स्वतःच पास होतात. "एकाच घरातल्या दोघांना एकाच दिवशी तोच विषाणू लागतो. बरोबर? बरोबर. एक जण दोन दिवस शिंकतो आणि कामाला लागतो. दुसरा दवाखान्यात प्राणवायूच्या नळीवर. विषाणू तोच. मग फरक कुठला? तर ते आपल्याला माहीत नाही. बरोबर? बरोबर."

बाईंच्या हाताखाली एक तरुण संशोधक होता. त्याला सगळे घाई म्हणत. घाईने आयुष्यात एकही वाक्य पुरं केलेलं नाही, कारण वाक्य संपायच्या आत तो दाराबाहेर असतो. त्याची वाक्यं मावशी पुरी करायची.

"मावशी, ते खालचे पिंजरे..."

"धुतले."

"आणि बाटल्या, त्या..."

"भरल्या. तू जेवलास का?"

यावर उत्तर यायचं नाही. घाई गेलेला असायचा.

त्या वर्षी बाई आणि घाई या दोघांच्या नाकी नऊ आणले ते जुन्या मंडळीने. जुनी मंडळी म्हणजे डावीकडच्या खोलीतलं उंदरांचं जुनं घराणं. ही मंडळी तिथेच जन्मत, तिथेच वाढत, आणि त्यांची पणज्यांपर्यंतची वंशावळ मावशीला तोंडपाठ. प्रयोगासाठी उंदराला औषधाने झोपवून नाकात फ्लूच्या विषाणूचा थेंब सोडायचा. मग साधारणपणे काय होतं? उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, अंगावरचे केस ताठ होतात, खाणं सुटतं, वजन उतरतं, श्वास लागतो. जुनी मंडळी एखादा दिवस रुसल्यासारखी बसायची आणि दुसऱ्या दिवशी दाण्यांवर तुटून पडायची.

"डोस कमी पडतोय, नाहीतर विषाणूच..." घाई म्हणाला.

"मेलेला असेल," मावशी म्हणाली. "दुसरा आण."

दुसरा आणला. जुन्या मंडळीने तोही पचवला.

मग वरून हुकूम आला. आजारी न पडणारे उंदीर ठेवून उपयोग काय? आता सगळीकडे कंपनीचे उंदीर वापरतात. ते काचेसारख्या स्वच्छ खोल्यांत वाढलेले असतात आणि त्यांच्या पोटात कुठले जिवाणू आहेत ते कंपनी लिहून देते. जुन्या मंडळीच्या पोटात काय काय असेल, देव जाणे. तेव्हा ही खोली मोकळी करायची. बाईंनी कशीबशी मुदत मागून घेतली. "एकदा दोघांना शेजारी शेजारी तपासू. एकच विषाणू, एकच डोस. मग काय ते ठरवू."

कंपनीचे उंदीर आले आणि मार्गिकेपलीकडे उजवीकडच्या खोलीत उतरले. मावशीने लगेच त्यांचं नाव ठेवलं पाहुणे. पाहुण्यांची पहिली खेप शहाणी निघाली. खाल्लं, प्यायले, गप झोपले. काही आठवडे जागेची सवय होऊ दिली आणि मग दोन्ही खोल्यांत थेंब सोडले. पाहुणे सपाटून आजारी पडले. जुनी मंडळी टुणटुणीत. फरक एवढा की बाई वजनाच्या काट्यासमोर उभ्या राहून "बरोबर? बरोबर. बरोबर? बरोबर," असं म्हणत राहिल्या.

पण शास्त्रात एकदा घडलेलं चालत नाही. तेच पुन्हा घडावं लागतं. म्हणून पाहुण्यांची दुसरी खेप मागवली.

ही खेप म्हणजे एकेक नमुना. प्रवासात काय झालं कोण जाणे, पिंजऱ्यात सोडल्या सोडल्या हाणामारी. कुणाच्या शेपटीला दात, कुणाच्या कानाला ओरखडा. मावशीने कागदाच्या पट्ट्या घातल्या, लपायला नळ्या ठेवल्या, रागावून पाहिलं. "काय रे हे? कुणाच्या घरी आलोय, कसं वागतोय? जरा म्हणून लाज?" कशाचाही उपयोग नाही. पाहुण्यांना आपलं असं जुनं घरटं नव्हतंच. कोऱ्या भुशातून कोऱ्या भुशात आलेली पोरकी जात. मावशीला राहवेना. समोरच्या खोलीत घराघराचा वास असलेला भुसा पोत्याने कुकरमध्ये जात होता आणि इथे हे एकमेकांची कातडी सोलत होते.

मावशीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जुन्या मंडळीकडचा भुसा घेतला, कागदाची पुडी केली, गाऊनच्या बाहीत सारली आणि मार्गिका ओलांडली. मोजे मात्र बदलले. नियम म्हणजे नियम.

भांडखोरांच्या पिंजऱ्यांत एकेक मूठ पडली. थोडा वेळ हुंगाहुंगी झाली, मग उकराउकरी, आणि दुपारपर्यंत सगळे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले. मावशीला कोण आनंद झाला. घरी येऊन जेवताना नुसती हसत होती.

"आज स्वारी खुशीत दिसते," भाऊजी म्हणाले.

"पाहुणे झोपले."

"पाहुणे झोपल्यामुळे परिसरात समाधानाचं वातावरण," भाऊजींनी घास घेत जाहीर केलं.

काही आठवड्यांनी दुसऱ्या फेरीचे थेंब पडले, आणि सगळंच फिसकटलं. जुनी मंडळी ठणठणीत, ते ठीकच. पण आता पाहुणेही ठणठणीत. दाराजवळचे खालचे तीन पिंजरे तेवढे आजारी पडले, बाकी खोली आनंदात. म्हणजे दोन घराण्यांत काही फरकच नाही. पहिल्या वेळी जो दिसला तो निव्वळ योगायोग.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. बाईंचा आवाज नेहमी चढा, त्या दिवशी मात्र इतका खाली की ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. "या खेपेला कुणी काही वेगळं केलं? काहीही. दाणे, पाणी, औषध, वेळ." घाई म्हणाला, "नाही बाई, सगळं अगदी..." या वेळी त्याचं वाक्य कुणी पुरं केलं नाही. मावशी मूग गिळून उभी होती.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी डावीकडची खोली रिकामी करू."

उंदीरघरात रिकामी करणं म्हणजे काय, हे मावशीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रयोगात उंदीर मरतात हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. त्याबद्दल तिने कधी डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पण एखाददुसरा उंदीर जाणं वेगळं आणि गावच्या गाव उठणं वेगळं. जुन्या मंडळीची पहिली जोडी तिच्या हाताने त्या खोलीत आली होती. आणि त्या मुठीचा याच्याशी काही संबंध आहे की नाही, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. तिच्या मते पाहुणे वाचले ते घरासारखं वाटलं म्हणून. आनंदी जीव लवकर आजारी पडत नाही, एवढं सरळ. पण बाईंनी विचारलं होतं "काहीही", आणि मूठ ही त्या 'काहीही'मध्ये बसत होती. सांगावं तर दारात पाचर लावणाऱ्यासारखी आपलीही रवानगी. न सांगावं तर मंडळी जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मावशीने घरात सगळं सांगून टाकलं. बहिणीने कपाळाला हात लावला. "अगं, नोकरी जाईल तुझी. या वयात तुला दुसरीकडे कोण घेणार? आणि तुला येतं काय, उंदरांशी गप्पा मारता येतात!"

"पिंजरे पण धुता येतात."

"आमच्या वार्ताहरानं कळवलंय," भाऊजी सुरू झाले, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी प्रक्षेपण तिथेच थांबवलं. मग साध्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगणारच आहात ना? मग नाश्ता पुरा करून जा. भरल्या पोटी ओरडा बरा सोसतो."

मावशी थेट बाईंच्या खोलीत गेली. घाई तिथेच होता. वाटेत तिने भाषण पाठ केलं होतं. त्यात तिची इतक्या वर्षांची सेवा होती, माफी होती, शेवटी एक विनंतीही होती. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "बाई, मी पाहुण्यांना जुन्यांचा भुसा दिला."

बाईंनी चष्मा काढला. "काय दिलंत?"

"भुसा. मूठ मूठ. भांडत होते हो, रक्त काढत होते. म्हटलं, जरा घरचा वास येईल."

"समोरच्या खोलीतून? वापरलेला?"

"हो."

"मार्गिका ओलांडून?"

"मोजे बदलले होते मी," मावशी म्हणाली.

बाईंचा आवाज परत आला. नुसता परत आला नाही, साठलेला सगळा घेऊन आला. नियम म्हणजे काय, खोल्या वेगळ्या कशासाठी, एवढ्या वर्षांच्या अनुभवी माणसाने असं करावं म्हणजे नव्यांनी काय आदर्श घ्यावा, दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं, बरोबर? बरोबर! मावशी खाली मान घालून प्रत्येक बरोबरला मान हलवत राहिली. बाईंचा श्वास संपला तेव्हा घाईने हळूच तोंड उघडलं.

"मावशी, सगळ्या पिंजऱ्यांत टाकलात?"

त्याचं वाक्य पुरं झालं हे ऐकून दोघीही त्याच्याकडे वळल्या.

"सगळ्यांत कशाला? भांडत होते त्यांनाच. दाराजवळच्या खालच्या तीन पिंजऱ्यांतले शहाणे होते, गप पडले होते. त्यांना कशाला उगाच?"

बाहेर कुकरची शिट्टी झाली ती तिघांनाही दचकवून गेली. दाराजवळचे खालचे तीन. आजारी पडले ते तेच, आणि फक्त तेच.

घाई मटकन खुर्चीत बसला. तो खुर्चीत बसलेला मावशीने पहिल्यांदाच पाहिला.

बाई उठून फळ्याकडे गेल्या, काहीच न लिहिता परत आल्या. "मावशी, उंदीर लेंड्या खातात. बरोबर?"

"खातात की. आपल्याही आणि शेजाऱ्याच्याही. घाणेरडी जात."

"आणि तुमच्या मुठीत काय होतं?"

मावशीने जरा विचार केला आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी वास म्हणून दिलं, आणि त्यांनी..."

"जेवण म्हणून घेतलं," बाई म्हणाल्या. आणि मग हसू आवरलंच नाही त्यांना. "जुन्या मंडळीच्या पोटात जे काही आहे ते तुम्ही पाहुण्यांना पोटभर वाढलंत, मावशी. आणि ज्यांना ते मिळालं ते वाचले. शहाण्यांना कुणी काही वाढलं नाही, ते पडले आजारी."

पुढच्या काही महिन्यांत जे हाताला लागलं ते बाईंनी मावशीला पिंजऱ्यांच्या खोलीतच, उभ्या उभ्या समजावलं. जुन्या मंडळीच्या आतड्यात एक लांबट, दोऱ्यासारखा जिवाणू राहतो. तो आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो, कुणाला त्रास देत नाही. पाहुण्यांत तो नाही; स्वच्छतेच्या नादात कंपनीने त्यालाही हाकललेलं. आता फुप्फुसात काही राखणदार पेशी असतात. फ्लूचा विषाणू शिरला की पहिली दाणादाण या राखणदारांचीच उडते. ते मरतात आणि मग आत मोकळं रान. पण पोटात हा दोरा असला की तेच राखणदार पाय रोवून उभे राहतात आणि विषाणूला गिळतात.

"पोट कुठे, फुप्फुस कुठे!" मावशी म्हणाली. "आणि निरोप नेतं कोण मधल्या मधे?"

"तेच शोधतोय. बरोबर?"

"बरोबर," मावशीने या वेळी बाईंच्या आधी म्हणून टाकलं. "मग आता माणसांनी काय करायचं? म्हणजे ते भुशाचं..."

"माणसांनी भुसा खायचा नाही, मावशी. हे उंदरांचं झालं. माणसाच्या पोटात कोण काय करतं, ते अजून ठरायचंय."

"बरं झालं विचारलं. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना कळलं असतं तर त्यांनी वाटपच सुरू केलं असतं."

मावशीची नोकरी राहिली. शिक्षा झाली ती वेगळीच. नव्याने भरती झालेल्या पोरांबरोबर बसून तिला नियमांचा वर्ग पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, आणि शिकवणारी मुलगी मावशीनेच तयार केलेली. "तर मार्गिका का ओलांडायची नाही?" असं तिने विचारलं की सगळा वर्ग मावशीकडे बघायचा. मावशी हात वर करून सांगायची, "कारण पाहुण्यांचं पोट बदलतं." डावीकडची खोली रिकामी झाली नाही. उलट आता तिच्या दाराला जास्तीचं कुलूप आहे, आणि वरून कुणी मोठं माणूस आलं की आधी तिथे नेतात. मावशी आत ओरडते, "नीट बसा रे, बघायला आलेत!"

राहिला प्रश्न वासाचा. चुकून झालेलं शास्त्रात धरत नाहीत, म्हणून बाईंनी तेच आता नीट मांडायचं ठरवलं. पाहुण्यांची तिसरी खेप मागवली आणि तिचे तीन भाग केले. एकांना जुन्या मंडळीचा ताजा भुसा, तोही आता तराजूत तोलून. दुसऱ्यांना काहीच नाही. आणि तिसऱ्यांना तोच भुसा, पण कुकरमध्ये शिजवून काढलेला. म्हणजे लेंड्या त्याच, वासही बराचसा तोच, फक्त आतला एकही जिवाणू जिवंत नाही.

मावशीने हे जेवताना सांगितलं तेव्हा घरात पैज लागली. लावली ती भाचीने, म्हणजे हे लिहिणारीने. तिला शाळेत जीवशास्त्र आहे, आणि तरीही ती मावशीच्या बाजूने उभी राहिली. शिजवलेला भुसा मिळालेले उंदीरही वाचणार, कारण खरी जादू घरच्या वासात आणि मावशीच्या मायेत आहे, असं तिने छातीठोक सांगितलं. हरेल त्याने आठवडाभर घरातली सगळी भांडी घासायची.

"लावली," मावशी म्हणाली. "शिजवलेले वाले पडणार आजारी."

"अगं, पण वासाचं तर तूच म्हणत होतीस! ती तुझी बाजू आहे!"

"होती. पण मी विचार केला. माझ्या मायेने सर्दीखोकला दूर राहत असता, तर तू दर हिवाळ्यात शाळा बुडवून माझ्या अंथरुणात शेंबूड पुसत पडली असतीस का?"

"पैजेमुळे घरात दोन तट," भाऊजी म्हणाले, आणि पाणी प्यायले.

निकाल लागला तेव्हा मावशीने येऊन पिशवीही खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या सांगितलं. ताजा भुसा मिळालेले टुणटुणीत. काहीच न मिळालेले आडवे. आणि शिजवलेला भुसा मिळालेले पहिल्या दिवसापासून एकदाही भांडले नाहीत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून शांत झोपले, आणि थेंब पडल्यावर तितक्याच शांतपणे सपाटून आजारी पडले. वासाने झोप आली, पण राखण केली ती दोऱ्यानेच.

भाची सध्या भांडी घासते आहे. मावशी मागे खुर्ची टाकून बसते, एकेक भांडं हातात घेऊन उजेडात धरते, आणि म्हणते, "हं, हा कोपरा राहिला. पुन्हा."